मातामृत्यू: गुंतागुंत सगळीकडे सारखीच, मग देशोदेशींच्या आकड्यांत एवढी तफावत का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. गरोदरपणात किंवा बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण काही देशांत लाखामागे दोन-तीन आणि काही देशांत सातशे-आठशे का असते? या फरकाचे मूळ गरिबीत आहे, एवढे म्हणून थांबता येईल का? आणि तसे असेल, तर अमेरिकेसारखा श्रीमंत देश युरोपच्या मागे का पडतो? प्रसूतिशास्त्राच्या व्यवसायात माझी तीसएक वर्षे गेली आणि त्यांतला बराच काळ झालेल्या मातामृत्यूंची छाननी करण्यात गेला. त्या अनुभवावरून माझे उत्तर थोडक्यात असे आहे की, बाळंतपणातील गुंतागुंत सर्व देशांत जवळपास सारख्याच प्रमाणात उद्भवते. वेगळा असतो तो गुंतागुंत सुरू झाल्यापासून योग्य उपचार हाती लागेपर्यंत जाणारा वेळ. हा वेळ कशाने वाढतो आणि कशाने आटोक्यात येतो, हे पाहिले की गरिबीच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते आणि अमेरिकेच्या कोड्याचेही.

आधी मोजमापाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे स्त्री गरोदर असताना किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणामुळे उद्भवलेल्या किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने आलेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. रस्त्यावरचा अपघात किंवा तत्सम असंबद्ध कारण त्यात धरले जात नाही. अशा मृत्यूंची संख्या दर एक लाख जिवंत जन्मांमागे सांगितली जाते. बोलताना आपण तिला मातामृत्यू दर म्हणतो; काटेकोरपणे पाहता ते गुणोत्तर आहे, कारण छेदस्थानी गरोदर स्त्रिया नसून जिवंत जन्मलेली बाळे असतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २,६०,००० मातामृत्यू झाले आणि जागतिक प्रमाण लाखामागे १९७ होते. २००० साली ते ३२८ होते. म्हणजे जवळपास पाव शतकात ४० टक्के घट झाली, ही मोठी गोष्ट आहे. मात्र शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत ७० च्या खाली येण्याचे जे लक्ष्य ठरले आहे, त्यापासून जग अजून फार दूर आहे.

हे सरासरी आकडे फोडून पाहिले की तफावतीचे खरे रूप दिसते. उच्च उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण १० आहे, अल्प उत्पन्नाच्या देशांत ३४६. नायजेरियात ते ९९३ आहे आणि जगातील एकूण मातामृत्यूंपैकी चारांत एकाहून अधिक, म्हणजे सुमारे ७५,०००, त्या एका देशात होतात. चाडमध्ये ते ७४८ आहे. याउलट नॉर्वे आणि पोलंडमध्ये ते एक-दोनच्या घरात आहे. मला यापेक्षाही बोलका वाटतो तो आयुष्यभराचा धोका, कारण त्यात प्रत्येक बाळंतपणाच्या धोक्याबरोबरच स्त्रीची किती बाळंतपणे होतात हेही धरले जाते. अल्प उत्पन्नाच्या देशातील पंधरा वर्षांच्या ६६ मुलींपैकी एकीचा मृत्यू पुढे कधीतरी गरोदरपणाशी निगडित कारणाने होईल असा हिशेब आहे. श्रीमंत देशांत तीच शक्यता सुमारे ८,००० मुलींमागे एक आहे. आरोग्याच्या फार थोड्या मोजमापांत श्रीमंत आणि गरीब देशांतील दरी इतकी रुंद दिसते, आणि त्यामागे बाळंतपणाच्या शरीरधर्माचे एक वैशिष्ट्य आहे.

ते वैशिष्ट्य असे. ढोबळमानाने शंभर गरोदर स्त्रियांपैकी पंधरा जणींना वैद्यकीय मदतीवाचून निभणार नाही अशी गुंतागुंत होते आणि त्या पंधरा नेमक्या कोणत्या असतील हे आधी सांगता येत नाही. पूर्वी गरोदर स्त्रियांची तपासणी करून त्यांची 'जोखमीच्या' आणि 'बिनजोखमीच्या' अशी विभागणी करण्यावर फार भर असे. मीही शिकाऊ असताना अशी कोष्टके मन लावून भरली आहेत. परंतु गंभीर गुंतागुंत झालेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी 'बिनजोखमीच्या' रकान्यातल्याच निघतात, हे पुढे जगभर ध्यानात आले. म्हणून आता प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी प्रशिक्षित हात जवळ असावेत आणि आणीबाणीत शस्त्रक्रिया व रक्त थोड्या वेळात मिळावे, या दोन गोष्टींवर सगळा भर दिला जातो. बालकांच्या मृत्यूंवर लसीकरण, स्वच्छ पाणी, क्षारसंजीवनी असे घरोघरी पोहोचवता येणारे उपाय बऱ्याच अंशी लागू पडतात. मातामृत्यूवर असा घरपोच उपाय फारसा नाही; त्यासाठी चोवीस तास जागी असलेली यंत्रणाच लागते, आणि तीच उभी करणे अवघड असते.

यंत्रणा म्हणजे काय हे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावरून सर्वांत चांगले समजते. जगभरातील मातामृत्यूंपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक मृत्यू रक्तस्रावाने होतात. दिवस पूर्ण भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. बाळ बाहेर आल्यावर आणि वार सुटल्यावर गर्भाशय आवळले जाते आणि त्याच्या स्नायूंच्या जाळ्यात सापडलेल्या रक्तवाहिन्या आपोआप चिमटल्या जातात. गर्भाशय सैल राहिले, किंवा वारेचा तुकडा आत अडकला, तर या वाहिन्या उघड्या राहतात आणि धडधाकट स्त्रीदेखील पाहता पाहता खचते. उपचार न मिळाल्यास अशा रक्तस्रावात मृत्यूपर्यंत सरासरी दोन तास लागतात, असा एक जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा अंदाज आहे. त्याच अंदाजात प्रसूतीपूर्वीच्या रक्तस्रावाला बारा तास, गर्भाशय फाटल्यास एक दिवस, रक्तदाब वाढून झटके आल्यास दोन दिवस, अडलेल्या बाळंतपणाला तीन दिवस आणि जंतुदोषाला सहा दिवस धरले आहेत. एखाद्या देशातील रस्ते, रुग्णवाहिका आणि रुग्णालये या सहा मुदतींपैकी कोणत्या पाळू शकतात, हे एकदा कळले की तेथील मातामृत्यूची कारणे कोणत्या क्रमाने असतील याचा तर्क बांधता येतो.

रक्तस्राव थांबवण्याची साधने महागडी नाहीत. बाळ जन्मताच आईला गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिन या औषधाचे १० युनिटचे इंजेक्शन देणे हा त्यातला पाया आहे. पण हे औषध दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. जिथे वीज दिवसातून काही तासच येते आणि शीतकपाट असून नसल्यासारखे असते, तिथे कुपीवर नाव ऑक्सिटोसिनचे असते आणि आत औषधाचा प्रभाव उरलेला नसतो. सुईणीने किंवा परिचारिकेने सारे काही नियमाप्रमाणे केले तरी गर्भाशय आवळत नाही आणि नोंद होते ती 'उपचाराला प्रतिसाद नाही' अशी. त्याच कामाच्या, पण उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाची दहा देशांतील जवळपास ३०,००० स्त्रियांवर चाचणी झाली. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हे औषध ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले. त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. त्याआधी, २०१७ मध्ये, २०,००० स्त्रियांवरील चाचणीतून ट्रानेक्झामिक ॲसिड हे स्वस्त औषध प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे दिसले. तीन तास उलटल्यावर दिल्यास मात्र तसा लाभ दिसला नाही. म्हणजे पुन्हा मुद्दा वेळेचाच.

याहून मोठी अडचण रक्तस्राव ओळखण्याची असते. किती रक्त गेले याचा अंदाज नजरेने करायची आपल्याकडे सर्वांनाच सवय असते आणि तो अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो. मी स्वतः अनेकदा 'नेहमीइतकेच गेले आहे' असे म्हणालो आहे आणि कपडे व बोळे वजन करून पाहिल्यावर ओशाळलो आहे. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक स्त्रियांना सामावून घेणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात केलेला बदल पाहिला तर साधा वाटतो: बाळंतिणीच्या खाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचे आणि ठरावीक खुणेपर्यंत पोहोचताच गर्भाशयाचे मर्दन, आकुंचनाचे औषध, ट्रानेक्झामिक ॲसिड, शिरेतून द्रव आणि बारकाईने तपासणी हे सर्व एकापाठोपाठ एक न करता एकदमच करायचे. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव ओळखले जात होते, ते प्रमाण नव्वदीच्या वर गेले आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. या चाचणीत नवे औषध एकही नव्हते.

आता याच स्त्रीचे रक्त मुळातच पातळ असेल तर? तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रीला रक्तस्राव सोसण्याची ताकदच नसते. एरवी निभावला गेला असता एवढा रक्तस्रावही तिला नेतो. वारंवार होणारा हिवताप, जंत, अपुरा आहार आणि पाठोपाठची बाळंतपणे ज्या प्रदेशांत एकत्र येतात, तिथे हा रक्तक्षय बाळंतपणाच्या खोलीत येण्यापूर्वी अनेक वर्षे तयार होत असतो. आणि ज्या देशांत रक्तपेढ्या स्वेच्छा रक्तदात्यांवर उभ्या राहिलेल्या नाहीत, तिथे नातेवाईकांनी रक्तदाता शोधून आणेपर्यंत दोन तासांची मुदत केव्हाच संपलेली असते.

इतर कारणांबद्दल तुलनेने थोडक्यात सांगतो. गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके हे दुसरे मोठे प्रत्यक्ष कारण आहे. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हेच सर्वांत गुणकारी औषध आहे, हे १९९५ च्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले आणि ते आधीच दिल्यास झटके येण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते, हे २००२ मध्ये ३३ देशांतील १०,००० स्त्रियांवरच्या चाचणीने दाखवले. ब्रिटनमध्ये या कारणाने होणारे मृत्यू आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, कारण प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजला जातो आणि वाढलेला दिसला की प्रसूती कधी करायची याचा निर्णय लांबणीवर टाकला जात नाही. अडलेल्या बाळंतपणात सिझेरियनला पर्याय नसतो. चाडसारख्या देशात शंभर बाळंतपणांत एक-दोन सिझेरियन होतात आणि ब्राझीलमध्ये निम्म्याहून अधिक. पहिल्या ठिकाणी अडलेल्या स्त्रिया शस्त्रक्रियेवाचून मरतात, दुसऱ्या ठिकाणी गरज नसलेल्या शस्त्रक्रियांमुळे पुढच्या गरोदरपणात वार गर्भाशयाच्या व्रणात रुजण्यासारखे नवे धोके तयार होतात. शिवाय सिझेरियन झाले म्हणजे सुटका झाली असेही नाही: आफ्रिकेतील २२ देशांच्या एका पाहणीत सिझेरियननंतर आई दगावण्याचे प्रमाण हजारात पाच, म्हणजे श्रीमंत देशांच्या सुमारे पन्नासपट आढळले. भूल देणारा तज्ज्ञ नसणे, रक्त नसणे आणि स्त्री उशिरा पोहोचणे, अशी तिन्ही कारणे त्यात एकत्र आली होती.

असुरक्षित गर्भपाताचे कारण मात्र वेगळे काढून सांगायला हवे, कारण तिथे कायद्याची एक ओळ आकडा किती हलवू शकते हे दिसते. रुमानियाने ऑक्टोबर १९६६ मध्ये गर्भपातावर कडक बंदी घातली. गर्भनिरोधकेही जवळपास मिळेनाशी झाली. त्यानंतर मातामृत्यूचे प्रमाण वाढत गेले आणि १९८९ पर्यंत ते दीडशेच्या पुढे, युरोपात सर्वांत वर पोहोचले. त्यांतील बहुसंख्य मृत्यू लपूनछपून केलेल्या गर्भपातांचे होते. डिसेंबर १९८९ मध्ये सत्ता बदलली, बंदी उठली आणि एका वर्षात प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्या वर्षभरात त्या देशाचे उत्पन्न वाढले नव्हते, डॉक्टरही तेच होते आणि रुग्णालयेही तीच.

आता गरिबीच्या प्रश्नाकडे वळतो. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मांडलेली 'तीन विलंबां'ची चौकट या कामात आजही वापरली जाते. पहिला विलंब घरात: लक्षण गंभीर आहे हे ओळखणे आणि निघण्याचा निर्णय घेणे. दुसरा वाटेत: वाहन, रस्ता, अंतर. तिसरा रुग्णालयाच्या दारापासून आत: डॉक्टर येईपर्यंत, पैसे भरेपर्यंत, रक्त मिळेपर्यंत. गरिबी या तिन्ही विलंबांना खतपाणी घालते, यात शंका नाही. पण छाननीसाठी समोर येणारी प्रकरणे वाचताना मला वर्षानुवर्षे असे दिसत आले आहे की पहिल्या दोन विलंबांबद्दल सारे हिरिरीने बोलतात आणि तिसऱ्याबद्दल खालच्या आवाजात, कारण तो आपला, म्हणजे आम्हा वैद्यकीय मंडळींचा असतो. भारताचे उदाहरण पाहा. २००५ मध्ये रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रियांना रोख साहाय्य देणारी जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि रुग्णालयातील बाळंतपणांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दहा वर्षांत ३९ टक्क्यांवरून ७९ टक्क्यांवर गेले. मातामृत्यू घटले, पण ज्या वेगाने खाटा भरल्या त्या वेगाने घटले नाहीत, कारण अनेक ठिकाणी स्त्री वेळेत दारापर्यंत आली तरी आत शस्त्रक्रियेची सोय नव्हती आणि तिला पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या रुग्णालयात पाठवले जात होते.

मातामृत्यू हा गरिबीचाच आजार असता तर इतिहासातले काही आकडे समजलेच नसते. १९२० च्या सुमारास अमेरिकेत हे प्रमाण लाखामागे सहाशेच्या वर होते, इंग्लंडमध्ये चारशेच्या वर आणि तुलनेने साध्या राहणीच्या नेदरलँड्स व स्वीडनमध्ये अडीचशेच्या आसपास. स्वीडनने अठराव्या शतकापासून शिकलेल्या, परवानाधारक सुईणी गावोगाव नेमण्याचे धोरण धरले होते. तेथील आरोग्य आयोगाने १७५१ मध्येच लिहून ठेवले होते की बाळंतपणात मेलेल्या ६५१ स्त्रियांपैकी निदान ४०० जणी पुरेशा सुईणी असत्या तर वाचल्या असत्या. इंग्लंडमध्ये तर १९३० च्या सुमारास वरच्या वर्गातील स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण कष्टकरी वर्गातील स्त्रियांपेक्षा जास्त होते, कारण त्यांच्या बाळंतपणाला डॉक्टर येत, बाळ ओढून काढण्याचे चिमटे लावण्याची घाई करीत आणि आपल्या हातांबरोबर जंतू आणीत. हात क्लोरीनच्या द्रावणाने धुतल्यास सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीला जंतुदोषाने येणारा ताप, कसा झपाट्याने घटतो हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्येच दाखवून दिले होते, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट अधिकच बोचते. इंग्लंडचा आकडा पाऊणशे वर्षे जवळपास जागचा हलला नाही. या काळात आहार, घरे, पगार सगळे सुधारत होते आणि १९०० नंतर तर बालमृत्यूही झपाट्याने उतरत होते. तो हलला १९३५ नंतर, सल्फा औषधे, मग रक्तसंक्रमण आणि पेनिसिलिन आल्यावर. आणि १९५० पर्यंत तो शंभराच्या खाली होता.

श्रीलंकेने हीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवली. १९३० च्या दशकात तिथले प्रमाण दोन हजारांच्या वर होते. पुढे हिवतापावर नियंत्रण आले, मोफत सरकारी रुग्णालये ग्रामीण भागात पसरली आणि मुख्य म्हणजे ठरावीक लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित, सरकारी पगारावरची सुईण घरोघर जाऊ लागली. तिच्यामागे परिचारिका, तिच्यामागे डॉक्टर अशी साखळी होती आणि तिच्या नोंदवहीत हद्दीतील प्रत्येक गरोदर स्त्रीचे नाव होते. देश श्रीमंत नसतानाही आकडा दर दहा-बारा वर्षांनी निम्मा होत गेला आणि आज तो पन्नाशीच्या बराच खाली आहे. रवांडाची वाटचाल अलीकडची आहे: १९९४ च्या नरसंहारानंतर यंत्रणा कोलमडली होती, २००० च्या पाहणीत प्रमाण १,०७१ होते आणि २०१९-२० च्या पाहणीत २०३. या काळात रवांडाचे दरडोई उत्पन्न नायजेरियापेक्षा कमी होते. तरीही तिथे सामुदायिक आरोग्य विमा बहुतेक लोकांपर्यंत पोहोचला आणि गावपातळीवरील आरोग्यसेविका गरोदर स्त्रियांची नोंद व पाठपुरावा करू लागल्या. नायजेरियात विशेषतः उत्तरेकडील राज्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया आजही प्रशिक्षित मदतीविना घरी बाळंत होतात आणि रुग्णालयाचा खर्च बहुतांशी घरच्या खिशातून होतो. म्हणून गरिबी हे कारण खरे असले तरी अपुरे आहे, असे मी म्हणतो.

गरिबीहून थेट फटका युद्धाचा आणि कोलमडलेल्या राज्यव्यवस्थेचा बसतो. २०२३ च्या अंदाजात संघर्षग्रस्त देशांचे एकत्रित प्रमाण ५०४ होते आणि स्थिर देशांचे ९९. रस्ता बंद, रात्रीची संचारबंदी, डॉक्टर परागंदा, औषधांचा पुरवठा तुटलेला, असे झाले की तिन्ही विलंब एकदमच वाढतात. दक्षिण सुदान, सोमालिया, अफगाणिस्तान ही नावे यादीत वरच्या टोकाला सातत्याने दिसतात ती यामुळे.

राहिला अमेरिकेचा प्रश्न. तिथे दोन गुंते एकमेकांत मिसळले आहेत आणि त्यांतला पहिला मोजणीचा आहे. २००३ पासून तेथील मृत्यूच्या दाखल्यावर मृत स्त्री गरोदर होती का, हे नोंदवणारा चौकोन आला, पण सगळ्या राज्यांनी तो स्वीकारायला २०१७ पर्यंतचा काळ गेला. त्यामुळे वर्षागणिक वाढलेला दिसणारा आकडा काही अंशी नोंद सुधारल्याचा होता आणि काही अंशी चौकोनात चुकीची खूण झाल्याचा. वयस्क स्त्रियांच्या दाखल्यांवरही ती खूण आढळली. या गोंधळात २००७ नंतर २०१८ पर्यंत अधिकृत राष्ट्रीय दरच जाहीर झाला नव्हता. महासाथीच्या काळात, २०२१ मध्ये, तो ३२.९ झाला आणि २०२३ मध्ये १८.६ वर उतरला. मोजणीची धूळ खाली बसल्यावरही तो पश्चिम युरोपातील बहुतेक देशांच्या काही पट राहतो, आणि हा दुसरा, खरा गुंता आहे.

२०२३ मध्ये अमेरिकेतील श्वेतवर्णीय स्त्रियांत प्रमाण १४.५ होते आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३. शिक्षण आणि उत्पन्न वाढले तरी ही दरी पूर्ण मिटत नाही, म्हणजे स्त्री रुग्णालयात असूनही तिच्या तक्रारीकडे किती गांभीर्याने पाहिले जाते हा तिसऱ्या विलंबाचाच प्रश्न तिथे वेगळ्या रूपात उभा राहतो. (ब्रिटनमध्येही कृष्णवर्णीय स्त्रियांना धोका अधिक असतो, फक्त एकूण पातळी बरीच खाली आहे.) शिवाय अमेरिकेतील मृत्यूंची वेळ पाहा. राज्यस्तरीय समित्यांनी २०१७ ते २०१९ मधील मृत्यूंची छाननी केली, तेव्हा बाळंतपणानंतरच्या एका वर्षापर्यंतचा काळ धरला होता. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू प्रसूतीला आठवडा उलटल्यावर झालेले निघाले, सर्वांत मोठा गट मानसिक आजार व अमली पदार्थांशी संबंधित होता, आणि पाचांपैकी चार मृत्यू टाळता आले असते असा निष्कर्ष निघाला. तिथे चाळीसेक टक्के बाळंतपणांचा खर्च मेडिकेड ही सरकारी योजना उचलते आणि बऱ्याच राज्यांत तिचे संरक्षण प्रसूतीनंतर ६० दिवसांनी संपत असे. हृदयाचे दुखणे, वाढलेला रक्तदाब किंवा नैराश्य घेऊन घरी गेलेली स्त्री नेमकी त्याच वेळी उपचारांबाहेर पडे. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ही मुदत बारा महिने करण्याची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. ज्या युरोपीय देशांत सुईण प्रसूतीनंतर घरी येऊन बाळंतिणीला पाहते, तिथे हा काळ असा रिकामा राहत नाही. अमेरिकेतच कॅलिफोर्नियाने २००६ पासून रक्तस्राव व रक्तदाब यांसाठी प्रत्येक रुग्णालयात ठरीव कार्यपद्धती आणि साहित्याची तयार गाडी ठेवण्याचा आग्रह धरला आणि देशाचा आकडा वर जात असताना आपला आकडा निम्म्याहून खाली आणला.

शेवटी आकडे वाचताना घ्यायची काळजी, कारण आपण देशांची क्रमवारी लावून पाहिली आहे असे प्रश्नावरून दिसते. सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या देशांत मृत्यूची नोंदणीच अपुरी असते. तेथील आकडा घरोघरच्या पाहणीत स्त्रियांना त्यांच्या बहिणींच्या मृत्यूबद्दल विचारून आणि मग गणिती प्रारूप वापरून काढलेला असतो; म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद अनिश्चितता असते आणि नवे अंदाज आले की मागील वर्षांचे आकडेही बदलतात. जुन्या अहवालातील एका वर्षाचा आकडा आणि नव्या अहवालातील दुसऱ्या वर्षाचा आकडा शेजारी ठेवून 'एवढी घट झाली' असे म्हणू नये. एकाच अहवालातील मालिका पाहावी. दुसऱ्या टोकाला, वर्षाला पन्नास-साठ हजार जन्म होणाऱ्या देशात एखादा मृत्यू अधिक झाला की दर दुप्पट दिसू शकतो. नॉर्वे एक आणि दुसरा देश तीन, या फरकातून काही ठरवता येत नाही. आणि सर्वांत चांगली नोंद असलेल्या देशांतही स्वतंत्र चौकशी केल्याशिवाय काही मातामृत्यू निसटतात. ब्रिटनने १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी चालू ठेवली आहे. त्या चौकशीत कोणाला दोषी ठरवले जात नाही, रुग्ण व डॉक्टर यांची नावे काढून टाकली जातात आणि कोणत्या टप्प्यावर वेगळे काही करता आले असते एवढेच पाहिले जाते. शिरांतील रक्ताच्या गुठळ्या हे तेथे मृत्यूचे प्रमुख कारण ठरत आहे, हे या चौकशांतूनच दिसले आणि त्यावरून प्रतिबंधक इंजेक्शने कोणाला, कधी द्यायची याचे नियम ठरले. म्हणून एखाद्या देशाचा आकडा हाती आला की मी आधी हे पाहतो की तिथे मृत्यूनंतर अशी चौकशी होते का, आणि झालेल्या चौकशीतून प्रसूतिकक्षातले काय बदलले.